वाळूतल्या दोन खुणा

त्या वर्षांत चंदीगडमध्ये मराठी माणसाला फार भाव होता. त्याने काही कर्तृत्व गाजवलं होतं म्हणून नव्हे. तो शीख नव्हता, पंजाबी हिंदू नव्हता, हरियाणाचा तर अजिबात नव्हता, एवढंच त्याचं कर्तृत्व. सकाळी वर्तमानपत्र उघडायची भीती वाटावी असे दिवस होते. पंजाब पेटलेला होता आणि कोण कोणाबद्दल काय बोललं हे लोक लक्षात ठेवत होते. त्यामुळे कुठे वाद झाला की शोधा मराठी माणूस. गल्लीत पाण्याच्या टाकीवरून जुंपली, बोलवा त्यांना. शाळेच्या स्नेहसंमेलनात कोणतं गाणं घ्यायचं यावर दोन तट पडले, बोलवा. माझे यजमान तिथल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर होते. त्यांना एकदा सेक्टर बावीसच्या बाजारातल्या दोन छोलेवाल्यांचं ठेल्याच्या जागेवरून चाललेलं भांडण मिटवायला बसवलं. हे दोघांचेही छोले-कुलचे खाऊन आले, दोघांचंही बरोबर आहे असं सांगून आले आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून घरी पडून राहिले.

"आप तो न्यूट्रल हैं जी," असं लोक कौतुकाने म्हणायचे. ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं. मी कोल्हापूरची. मला जे वाटतं ते मी बोलते आणि मग चहा पिते. पण माझ्या तोंडाची ख्याती अजून सगळ्या शहरात पसरली नव्हती, म्हणून त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पंच म्हणून माझीही वर्णी लागली.

स्पर्धा अॅथलेटिक्सची. सगळं कसं सुरळीत चाललंय हे जगाला दाखवावं, असं वरच्या कोणाच्या तरी मनात आलं. जगाने येतो म्हणून कळवलं आणि मग एकेक देश तब्येतीचं कारण सांगून गळू लागला. तरी सात-आठ देशांचे खेळाडू आले, हेच नशीब. लांब उडीचे मुख्य पंच होते पुण्याचे एक निवृत्त कर्नल. निवृत्तीनंतर शेजारच्या पंचकुल्यात बंगला बांधून राहिले होते. गणपतीत तिथल्या मराठी मंडळाच्या आरतीला त्यांचा आवाज सगळ्यात वर असायचा. ते घरी आले, दोन थालीपिठं खाल्ली, तिसऱ्याला नको नको म्हणत तेही खाल्लं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हाला वाळूच्या खड्ड्यावर घेतलंय."

"खड्ड्यावर म्हणजे काय करायचं?"

"खुणेची सळई धरायची. उडी पडली की वाळूत जिथे खूण उमटली तिथे सळई खुपसायची. टेप आम्ही ओढू. तुम्ही मुलींच्या कॉलेजात हेच तर शिकवता. शिवाय तुम्ही न्यूट्रल."

मी चौथं थालीपीठ तव्यावर टाकत होते, ते काढून घेतलं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतेय, त्याच्याबद्दल. माझ्या मुली ज्या मैदानावर सराव करायच्या, तिथेच एक शीख पोरगा लांब उडीचा सराव करायचा. पोरगा म्हणायचा एवढंच, चांगला दाढीवाला गडी होता, माझ्यापेक्षा हातभर उंच. पण मला "मॅडमजी" म्हणताना खाली बघायचा. एका सरकारी खात्यात हंगामी नोकरीवर होता. खात्याने त्याला शब्द दिला होता: या स्पर्धेत पहिल्या तिघांत आलास तर कायम करू आणि कायम झालास की दोन खोल्यांचं क्वार्टर देऊ. तो रोज संध्याकाळी वाळूत उड्या मारायचा तो पदकासाठी नाही, त्या दोन खोल्यांसाठी.

कारण त्याची आई आणि धाकटा भाऊ सरहद्दीजवळच्या गावात होते. तिथे अंधार पडला की बंदूकवाले दार वाजवत आणि रोट्या मागत. उजाडलं की पोलीस दार वाजवत आणि रोट्या कोणाला दिल्या ते विचारत. आई दोघांनाही "हां जी" म्हणायची आणि दोघांसाठीही पीठ मळायची. धाकट्याला नुकती मिसरूड फुटली होती. त्या गावात तेव्हा मिसरूड फुटणं हा गुन्हा होता, दोन्ही बाजूंच्या लेखी. त्याला कोणीतरी उचलून नेण्याआधी आईला आणि त्याला इकडे आणायचं, एवढा एकच विचार या पोराच्या डोक्यात होता. त्याने मला हे एकदाच सांगितलं, बुटाची नाडी बांधता बांधता. त्यानंतर त्याला उडी मारताना बघितलं की मी खड्ड्याच्या कडेला जाऊन मनातल्या मनात अंतर मोजायचे.

स्पर्धेला बंदोबस्त असा, की खेळाडूंपेक्षा पोलीस जास्त आणि पोलिसांपेक्षा वॉकीटॉकी जास्त. पहिल्याच सकाळी सगळे भाले फाटकावर जप्त झाले. भाला हे हत्यार आहे, असं तिथल्या अधिकाऱ्याचं म्हणणं, आणि त्यात तसं खोटं काहीच नव्हतं. भालाफेकवाले दुपारपर्यंत फाटकाबाहेर शेंगदाणे खात बसले. शर्यत सुरू करणाऱ्याने पिस्तूल झाडलं तेव्हा धावपटू पळाले आणि खास पाहुण्यांच्या मांडवात सगळे जमिनीवर आडवे झाले. एका सचिवांच्या पत्नीची साडी खुर्चीच्या खिळ्यात अडकून फाटली. पुढच्या शर्यती मग शिट्टीवर झाल्या.

माझ्या खड्ड्याचे तर हालच. अख्ख्या मैदानात उकरलेली जागा तेवढी एकच, तेव्हा संशय तिच्यावरच. प्रत्येक फेरीआधी शिपाई लांब लांब गजांनी वाळू भोसकायचे. मग एक कुत्रं यायचं, ते उकरायचं आणि उकरून झाल्यावर कुत्रं वाळूत जे करतं तेही करायचं. नंतर मी दाताळं घेऊन सगळं सारखं करायची. अधिकाऱ्याला म्हटलं, अहो, इथे बॉम्ब ठेवून कोणाला मारणार? इथे येऊन पडतं कोण, तर बिचारे उड्या मारणारे. तर म्हणाला, "मॅडम, ऊपर से ऑर्डर है." त्या काळात चंदीगडमध्ये पाऊससुद्धा वरून ऑर्डर आली म्हणून पडायचा.

लांब उडीची अंतिम फेरी शेवटच्या दिवशी दुपारी होती. बक्षिसं द्यायला मंत्री येणार होते आणि उजेड असताना परत जाणार होते, म्हणून सगळी घाई. पहिले दोन नंबर परदेशी खेळाडूंनी सुरुवातीलाच पटकावले होते. ते आपापसांत गप्पा मारत बसले होते. तिसऱ्या नंबरावर एका छोट्या बेटाच्या देशाचा खेळाडू होता आणि चौथ्यावर आमचा हा. उड्या जवळजवळ सारख्याच, दोघांत चिंचोक्याएवढा फरक. शेवटची उडी आमच्या पोराची होती. ती जमली तर तिसरा नंबर, क्वार्टर, आई, भाऊ. नाही तर काहीच नाही.

तो धावायला लागला. मी सळई घेऊन खड्ड्याच्या कडेला वाकून उभी. आठ-दहा ढांगांत त्याच्या डोक्यावरचा पटका सैल झाला. शीख खेळाडू केसांचा बुचडा बांधतात आणि त्यावर ते लहान कापड घट्ट आवळतात, तो पटका. थांबून पुन्हा बांधला असता तरी चाललं असतं, पण तो थांबला नाही. पटका उडून मागे पडला, बुचडा सुटला आणि कमरेपर्यंतचे केस मोकळे सोडून तो खड्ड्याअलीकडच्या उडी घ्यायच्या फळीवरून उडाला. पांढरा झेंडा वर गेला, म्हणजे पाय फळीच्या आत होता, उडी बरोबर. मी इतकी वर्षं उड्या बघितल्यात, पण इतकी सुंदर उडी माझ्यासमोर कधी कोणी मारली नाही. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

तो वाळूत बसला, पाय पुढे, धड पुढे. सगळं बरोबर. फक्त पडताना डोक्याला हिसका बसून मान क्षणभर मागे गेली आणि ते लांब केस मागे वाळूवर सपकन आपटले. वाळूत दोन खुणा उमटल्या. एक त्याच्या बुडाची, लांब, तिसऱ्या नंबरच्या पलीकडे. आणि तिच्या वीतभर अलीकडे दुसरी, विस्कटल्यासारखी, केसांची.

नियम साधा आहे. शरीराच्या कुठल्याही भागाने वाळूत जी खूण फळीच्या सगळ्यात जवळ उमटते, तिथून माप. हात मागे टेकला तर हातापासून. मी हेच कॉलेजात फळ्यावर लिहून शिकवत होते. माझं मन काय म्हणत होतं ते बाजूला ठेवलं आणि मी सळई केसांच्या खुणेत खुपसली. पंचाने सळई खुपसली की टेप ओढायची आणि माप सांगायचं, संपलं.

पण कर्नलसाहेबांनी टेप ओढली नाही. ते वाकले, एक खूण बघितली, दुसरी बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. "वहिनी," ते मराठीत कुजबुजले, "ही केसांची आहे हो."

"मग? डोक्यालाच चिकटलेत ना ते? शरीरच आहे."

"तसं म्हणून कसं चालेल? उद्या पेपरात येईल, केसांपायी शीख खेळाडूचं पदक काढून घेतलं. शहर पेटेल."

"मग बुडापासून मापा."

"मग येईल, शिखाचे केस हे शरीर नाही असा पंचांनी निवाडा दिला. तरी पेटेल." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "लढाईत सोपं असतं, वहिनी. समोर कोण आहे ते कळतं."

तोवर बेटाच्या खेळाडूचा मॅनेजर धावत आला आणि हरकत घेऊन बसला. मग तांत्रिक समिती आली. मग सुरक्षा अधिकारी आला. मग मंत्र्यांचा एक साहाय्यक आला, ज्याला लांब उडी आणि उंच उडी यांतला फरकही त्याच दुपारी कळला होता. सगळे माझ्या खड्ड्याभोवती गोळा झाले. वारा सुटला होता, म्हणून केसांची खूण पुसू नये यासाठी कोणीतरी तिच्यावर, माझ्या आखूड सळईसकट, घमेलं पालथं घातलं. मग घमेलं कोणी उचलू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना बंदूकधारी जवान उभे केले. मंत्र्यांना नसेल असा बंदोबस्त त्या विस्कटलेल्या वाळूला मिळाला. तेवढ्यात कुत्रं आलंच. त्याला मात्र मी हाकललं.

चर्चा तर ऐकण्यासारखी होती. एक म्हणाले, केस म्हणजे नखांसारखे, कापले तर दुखत नाहीत, म्हणून शरीर नाही. बोलून झाल्यावर त्यांना आपण कोणत्या शहरात उभे आहोत हे आठवलं आणि ते म्हणाले, मी काहीच बोललो नाही. दुसरे म्हणाले, पुन्हा उडी मारू द्या. मॅनेजर म्हणाला, झेंडा पांढरा आहे, उडी झालेली आहे, दुसरी कशी देता? आणि त्याचं बरोबर होतं. साहाय्यकाने सगळ्यांना शांत करून सांगितलं, "बीच का रास्ता निकालते हैं." म्हणजे दोन्ही खुणांच्या बरोबर मधोमध सळई खुपसायची. तिथे वाळू अगदी कोरी होती, तिथे कोणाचं काही टेकलंच नव्हतं, आणि तीच जागा समितीतल्या निम्म्या लोकांना सगळ्यात पसंत पडली.

शेवटी सगळे माझ्याकडे वळले. "आप बताइए मॅडम. आप तो महाराष्ट्र से हैं."

मी म्हटलं, "मी मघाशीच सांगितलंय. सळई बघा कुठे आहे ती, घमेल्याखाली. माझा जीव तुटतोय त्या पोरासाठी, पण नियम म्हणतो तिथून मापा. पंच मी आहे, निर्णय माझा म्हणून लिहा आणि माझ्या नावाने काय पेटायचंय ते पेटू दे." मी हे जरा मोठ्यानेच बोलले. माझे यजमान प्रेक्षकांत होते. त्यांनी डोक्याला हात लावलेला मला तिथून दिसला.

कोणी काही लिहिलं नाही. उत्तर मागितलं होतं ते मिळालं आणि मिळाल्यावर कोणालाच नको होतं.

आणि मग कर्नलसाहेबांना ती युक्ती सुचली. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. "ज्याचे केस, त्यालाच विचारू."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. किती लोकशाही, किती आदर, किती सोपं. सुरक्षा अधिकारी म्हणाला, फारच छान. साहाय्यक म्हणाला, पत्रकारांसमोर विचारा, म्हणजे नंतर कटकट नको. मी म्हटलं, "अहो, हे त्याला काय विचारताय? हे त्याचं काम आहे का?" पण तोवर फोटोवाले जमले होते.

पोरगा बाजूला गवतावर बसून पटका पुन्हा बांधत होता. त्याला आणलं. कर्नलसाहेबांनी हिंदीत, अगदी प्रेमाने विचारलं, "बेटा, तूच सांग. केस शरीराचा भाग आहेत की नाहीत? तू म्हणशील तिथून मापू."

इतकी माणसं, इतके कॅमेरे, सगळे त्याच्याकडे वळलेले. त्याने लांबच्या खुणेकडे बघितलं. मग घमेल्याकडे बघितलं. मला त्याच्या दोन खोल्या दिसत होत्या, पीठ मळणारी आई दिसत होती. मी मनात म्हणत होते, नाही म्हण. म्हण नाही. देव काही बोलणार नाही तुला, त्याला कळतं.

"केस मेरे हैं जी," तो म्हणाला. "निशान भी मेरा है. वहीं से नाप लो."

घमेलं उचललं. मी सळई सरळ धरली. टेप ओढली, माप सांगितलं. चौथा नंबर.

टाळ्या काय पडल्या म्हणता. समितीने एकमेकांचे हात दाबले. बेटाच्या मॅनेजरने पोराला मिठी मारली. मंत्री आले आणि त्यांनी भाषणात अर्धा वेळ या पोराच्या खिलाडूवृत्तीवर घालवला. हाच खरा पंजाब, हाच खरा भारत, वगैरे वगैरे. त्याला ऐन वेळी तयार केलेलं सद्भावनेचं खास बक्षीस दिलं, ते भिंतीवरचं घड्याळ होतं. कर्नलसाहेब मला म्हणाले, "बघा वहिनी, किती छान मिटलं." मी त्यांच्याशी पुढचे कितीतरी दिवस बोलले नाही. मंडळाच्या आरतीला जायचे, पण दुसऱ्या टोकाला उभी राहायचे.

त्याच्या खात्याने शब्द पाळला. पहिल्या तिघांत आला तर कायम, असं म्हटलं होतं, तो आला नव्हता. सद्भावनेचं त्यांच्या नियमांत काही नव्हतं.

थंडी सरता सरता तो एकदा आमच्या घरी आला. सरावाला येणं त्याने बंद केलं होतं, म्हणून मीच निरोप धाडला होता. मी पोहे केले, त्याने मान खाली घालून खाल्ले. आई कशी आहे विचारलं. तिथेच आहे म्हणाला. आणि भाऊ? त्याला मामाकडे ठेवलंय, पण मामाचं गावही तसंच आहे, म्हणाला. मग माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "अरे, एकदा नाही म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?"

"तेसुद्धा पेपरात आलं असतं, मॅडमजी," तो म्हणाला. "गावात पेपर येतो. रात्री दार वाजवणारे तोही वाचतात."

मी त्याच्या बशीत आणखी चमचाभर पोहे वाढले.

"आईने काय म्हटलं?" मी विचारलं.

"काहीच नाही. ठीक केलंस म्हणाली, आणि पीठ मळायला गेली." त्याने बशी खाली ठेवली. "तुम्ही सळई लावलीत ना, मॅडमजी, तेव्हाच या लोकांनी नापलं असतं तर बरं झालं असतं. घरी जाऊन सांगितलं असतं, पंचांनी हरवलं. आई चार दिवस बसून तुम्हाला शिव्या देत राहिली असती. आता कोणाला देणार?"

मी म्हटलं, "मलाच दे म्हणावं तिला."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. बशी उचलून आत मोरीत ठेवायला गेला.